दोघांसमोर रहाट

॥ श्री ॥
तांडापेठ, नागपूर
१२ मार्च १९७८

चि. सौ. कुसुम हीस वहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

दुसरी घागर आणून ठेवली, ओसरी झाडली, अंबाडीची भाजी निवडली, चुलीवर तुरीची डाळ शिजायला टाकली आणि सुताच्या रहाटापाशी बसले. रोजचीच सकाळ होती ती. चार कांड्या भरून झाल्या असतील, तेवढ्यात दारात आधी छत्री दिसली, मग चष्मा आणि मग मनोहरराव मास्तर. जानेवारी महिना, पाऊस नाही की ऊन नाही. पण मास्तर छत्रीशिवाय कुठं जातात?

तू म्हणशील, वहिनीनं पत्र असं मधूनच काय सुरू केलं. ती सकाळ आता टाइप केलेल्या कागदावर चढली आहे, म्हणून आधी तीच सांगते.

दसऱ्यानंतर कारखान्यानं आम्हा नऊ जणींना कांडीखात्यातून काढलं ते तुला ठाऊक आहे. म्यानेजरसाहेबांनी तुटक्या सुताची एकेक लड प्रत्येकीच्या अंगावर फेकली, तुम्ही मुद्दाम सूत तोडता म्हणाले आणि फाटक दाखवलं. आमचं एक अक्षर कुणी ऐकून घेतलं नाही. मग युनियनच्या भैय्याजीनं शेठकडून लिहून घेतलं, की दोघांनाही चालेल असा एक माणूस नेमायचा, तो दोन्ही बाजू ऐकून देईल तो निवाडा मान्य करायचा. अशा माणसाला लवाद म्हणतात. शेठचा मुलगा मास्तरांच्या शाळेत शिकला आणि भैय्याजीनंही त्यांच्या छड्या खाल्ल्या, म्हणून मास्तर दोघांना चालले.

सुनावणीच्या पहिल्या तारखेला मी सही केली, तुळजाबाई, कै. रामाजी यांची पत्नी. तोंडानं नाव घेत नाही, पण लिहायला काय झालं? मास्तरांनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि पुढच्या बाईला हाक मारली. तुझे दादा त्यांच्याच रात्रीच्या वर्गाला जायचे. ते गेल्याचं मास्तरांना त्या कागदावरून कळलं. त्याच रविवारी ते भेटायला आले.

दुःखाला भेटायला आलेल्या माणसाला बसवायचं, चहा द्यायचा आणि आपल्या कामाचं काही काढायचं नाही, ही आपली रीत. मी ती पाळली. पण हात रिकामे ठेवायची सवय नाही, म्हणून बोलता बोलता रहाट फिरवत राहिले. म्यानेजरनं फेकलेली लड खुंटीला होती. मास्तरांनी विचारलं, ही कुठली. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, खरंच तुटतं का हे सूत. आता कुसुम, कोष्ट्याच्या घरात कुणी सुताबद्दल विचारलं तर आपण तोंडानं उत्तर देतो का? मी लड रहाटावर चढवली.

एका कांडीत नऊ वेळा तुटलं. मग तुझ्या दादांच्या शिलकीतली लड चढवली, ती एकदाही तुटली नाही. मास्तर छत्री बाजूला ठेवून मांडी घालून बसले आणि स्वतः रहाट फिरवला. त्यांच्या हातात अकरा वेळा तुटलं. दोन वेळा सुताचा दोष नव्हता, पण मी बोलले नाही.

आता बातमी. परवा निवाडा आला. नऊही जणींना परत घ्यायचं! सहाव्या पानावर लिहिलं आहे, सदर सूत मी स्वतः रहाटावर घालून पाहिले, ते कमअस्सल आहे. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसवायची सुताची नळी, असंही खाली समजावलं आहे. मोठ्या लोकांना सांगावं लागतं म्हणे. मी सगळा निवाडा स्वतः वाचला. तुझे दादा रात्री पाटी पुसायला विसरायचे आणि मी सकाळी ती वाचत बसायचे, तेवढ्यावर मी शिकले. ती पाटी आज कामी आली.

डबा घासून ठेवला आहे. तुझ्या ईश्वरदासांना सांग, मिशा कमी कराव्यात, मागच्या फोटोत फक्त त्याच दिसतात. तुझ्या माहेरची ओसरी वाट पाहते, तेवढी आठवण असू दे.

तुझी वहिनी
तुळजा

*

उमरेड
२१ मार्च १९७८

ती. गं. भा. वहिनीस कुसुमचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी मोठ्यानं वाचलं. मिशांची ओळ आली तेव्हा हे समोरच बसले होते. वहिनीले सांग, मिशा माह्या हायेत, त्याच्यासाठी लवाद नेमायची गरज नाही, असं म्हणून उठून गेले. आल्यावर पाहिलं तर डावी बाजू कातरलेली होती. उजवीला हात धजला नाही वाटतं.

वहिनी, तुम्ही इथं असता तर मी तुमच्या पाया पडले असते आणि मग चिमटाही काढला असता. आम्ही माहेरपणाला आलो की लवकर उठा, पाणी भरा, बोलत बसू नका. आणि मास्तर आले की रहाट, चहा, सगळं थाटात! त्यांना साखर किती घातली तेही कळवा.

दादा पाटी पुसायला विसरायचा नाही हो. तो तुमच्यासाठी ठेवून जायचा. मी लहान होते, पण मला त्यानं पुसू दिली नव्हती कधी. तुम्हाला कधी बोलला नाही का? मला वाटलं, ठाऊक असेल.

माझ्या हाताला तिखट लागलं आहे, भिवापूरची मिरची कुटायला घेतली आहे. तुमची पुडी वेगळी ठेवते. पहिल्या दिवशी डब्यात काय नेलं ते कळवा. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची
कुसुम

*

॥ श्री ॥
नागपूर
३० एप्रिल १९७८

चि. सौ. कुसुम हीस आशीर्वाद. वि. वि.

पाकिटावर तू पुन्हा आधी सौ. लिहिलंस आणि मग खोडून गं. भा. केलंस. दोन वर्षं झाली तरी तुझा हात ऐकत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. फक्त एवढ्या जोरानं खोडू नकोस, कागद फाटतो.

पाटीचं मला ठाऊक नव्हतं. त्याबद्दल आज काही लिहीत नाही.

डब्यात काही नेलं नाही, कारण डबा गेलाच नाही. शेठ हायकोर्टात गेले. कोर्टानं निवाडा तूर्त थांबवून ठेवला आहे. आणि कशावरून? त्याच सहाव्या पानावरून! शेठच्या वकिलाचं म्हणणं असं, की सुनावणीत टेबलावर सूत कधी आलंच नाही, रहाट तर नाहीच नाही. मग मास्तरांनी हे सूत कुठं पाहिलं, कुणाच्या रहाटावर, तेव्हा कारखान्याचं कोण हजर होतं? पाठीमागे पुरावा घेऊन दिलेला निवाडा कसा चालेल?

आपल्या वकिलांनी मला बोलावून सगळं विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पाणी मागवलं. ते एवढंच म्हणाले, की निवाडा देणारा कोर्टात बोलत नाही, म्हणून मास्तरांना कुणी विचारणार नाही. तुम्हाला मात्र शपथेवर लिहून द्यावं लागेल आणि काय लिहायचं ते तुम्ही ठरवा.

संध्याकाळी भैय्याजी आला. पाटावर बसला, उठला, पुन्हा बसला. म्हणाला, काकी, मास्तर दुःखाले भेटाले आले, चहा पेले अन् गेले, एवढंच लिहा. सूत त्यायनं कुठंबी पाह्यलं असन. तुमच्या घरी पाह्यलं हे कोनाले मालूम हाय? मी म्हटलं, मला आहे. तर म्हणतो, तुमाले इसरता येत नाही का वं काकी? नऊ घरं हायेत!

त्याचंही खोटं नाही. इंदूबाईच्या घरी तीन मुली आहेत, नवरा अंथरुणाला. मी तर घरी बसून लोकांच्या कांड्या भरते, माझं एकटीचं भागतं. तिचं काय? मी खरं लिहिलं तर निवाडा जाईल. गाळून लिहिलं तर बहुधा राहील.

मास्तर आता आमच्या गल्लीतून जात नाहीत. परवा भाजीबाजारात समोरून आले आणि छत्री उघडून पलीकडच्या बाजूला गेले. ऊन होतं म्हणा.

तुझं काय मत आहे ते लिही. थट्टा आज कमी कर, अगदी बंद करू नकोस.

तुझी वहिनी

*

उमरेड
१० मे १९७८

ती. गं. भा. वहिनीस सा. न. वि. वि.

या वेळी पाकीट ह्यांच्याकडून लिहून घेतलं आहे, म्हणजे खोडाखोड नको.

वहिनी, मला विचारलंत म्हणून लिहिते. तुम्ही गप्प राहा. खोटं बोला असं मी म्हणत नाही. मास्तर भेटायला आले हे खरं, चहा प्यायले हे खरं. तेवढंच लिहावं, पुढचं गाळावं. आपण रोज किती गोष्टी गाळतो! आई होती तेव्हा फुटलेल्या बरणीचं तुम्ही आणि मी सात वर्षं गाळलं होतं. सूत खराब होतं ना? मग देव काही रागावणार नाही. ह्यांचंही तेच मत आहे. म्हणाले, वहिनीले सांग, कोर्टात जास्त शहानपना करू नका, ते लोक आपल्यापेक्षा मोठे शहाने राह्यतात.

मला भीती वाटते, की तुम्ही खरं लिहाल आणि त्या आठ जणी नळावर तुम्हाला घागर लावू देणार नाहीत. दादा नाही. रोज कुणाशी बोलणार तुम्ही? मी उमरेडला, एसटीनं दोन तास.

मिरचीची पुडी सोबत पाठवते. नाकाशी नेऊन पाहू नका, मागच्या वेळी तुम्ही दिवसभर शिंकत होता आणि दादा मोजत होता.

रागावलात तरी पत्र लिहा.

कुसुम

*

॥ श्री ॥
नागपूर
१६ जुलै १९७८

चि. सौ. कुसुम हीस आशीर्वाद. वि. वि.

बरणीचं तू कागदावर लिहिलंस! आता तो पुरावा झाला. बरणी तू फोडली होतीस, मी फक्त खापऱ्या परसात पुरल्या होत्या, हेही आत्ताच लिहून ठेवते.

मी सगळं लिहून दिलं. लड खुंटीवरून काढण्यापासून मास्तरांच्या अकरा तुटींपर्यंत. त्यातल्या दोन मास्तरांच्या हाताच्या होत्या, हेसुद्धा. सिव्हिल लाइन्समध्ये जाऊन शपथ घेतली. तिथल्या कारकुनानं विचारलं, अंगठा कुठं लावता. मी सही केली आणि त्यानं शाईची डबी परत ठेवली. तेवढी एक मजा झाली.

का लिहिलं ते सांगते. दोन महिने विचार करत होते. म्यानेजरनं आपल्याला न विचारता फाटक दाखवलं, म्हणून आपण भांडायला उभ्या राहिलो. आमचं ऐकून घ्या, एवढंच तर म्हणत होतो. मग माझ्या ओसरीवर कारखान्याचं कोण होतं? कुणी नव्हतं. मास्तरांनी माझं ऐकलं, माझा रहाट पाहिला, माझा चहा प्यायले आणि त्यांच्याविरुद्ध लिहिलं. सूत खराब होतं म्हणून ते बरोबर ठरलं, पण त्यांना बोलू कुठं दिलं? आपल्याला केलं तेच आपण त्यांना केलं, फक्त अंगावर लड फेकली नाही.

दुसरं असं. ते सूत माझ्या घरी तुटलं, तर त्यांच्यासमोरही तुटेल. त्याला कुणाची भीड आहे? त्यांच्यासमोर तुटलं नाही तर मग आम्हीच खोट्या.

नळावर तू म्हणालीस तसंच झालं. घागर लावू देतात, पण बोलत नाहीत. इंदूबाई तोंडावर म्हणाली, तुयं एकटीचं पोट हाय, म्हणून तुले खरं बोलनं परवडते. ते अर्धं खरं आहे. घरी येऊन बराच वेळ रहाटाशी बसले आणि एकही कांडी भरली नाही.

तुझे दादा असते तर काय म्हणाले असते कोण जाणे. पाटीचं मला कळू दिलं नाही, त्या माणसाच्या मनातलं मी काय सांगू? पण गाळून लिहिलेलं त्यांना वाचून दाखवायला मला जमलं नसतं.

मिरची मिळाली. नाकाशी नेली नाही. तरी शिंकले. मोजायला कुणी नव्हतं, पण सहा.

तुझी वहिनी

*

उमरेड
२ ऑगस्ट १९७८

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

मागच्या पत्राबद्दल मला लाज वाटते. ह्यांनाही वाटत असावी, कारण उजवी मिशीही कातरली.

इंदूबाईच्या मुलींसाठी माझे दोन परकर आणि ह्यांच्या मागावरच्या एका लुगड्याचं कापड पाठवते आहे. तुम्ही दिलं असं सांगू नका, घेणार नाही ती. उमरेडच्या एका वेडीनं पाठवलं म्हणा.

कोर्टात काय होतं ते कळवा. आणि वहिनी, सहा म्हणजे काहीच नाही. दादानं एकदा चौदा मोजल्या होत्या.

तुमची कुसुम

*

॥ श्री ॥
नागपूर
२४ सप्टेंबर १९७८

चि. सौ. कुसुम हीस आशीर्वाद. वि. वि.

निवाडा रद्द झाला. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुला पत्राचा शेवट आधी वाचावा लागणार नाही. तशी तुझी खोड आहे.

मी मागच्या बाकावर बसले होते. इंग्रजी चाललेलं, मला चहा तेवढा कळला, कारण तो शब्द आला की सगळे माझ्याकडे बघत. नंतर वकिलांनी सांगितलं. न्यायाधीश म्हणाले, चहाबद्दल कोर्टाची तक्रार नाही. रहाटाबद्दल आहे. फिरवायचा तर दोघांसमोर फिरवायला हवा होता. सूत चांगलं की वाईट हे ठरवणं कोर्टाचं काम नाही. दोघांना सारखं ऐकून ठरवलं का, एवढंच कोर्ट पाहतं.

पण प्रकरण तिथं संपलं नाही. न्यायाधीशांनी शेठच्या वकिलाला विचारलं, मास्तरांच्या सचोटीबद्दल शंका आहे का. वकील माझा कागद हातात धरून म्हणाले, या बाईंनी स्वतःविरुद्ध जाईल तेही लिहिलं आहे, पैसा किंवा शब्द कुणी दिला असं आम्ही म्हणू शकत नाही. म्हणून ठरलं, की पुन्हा सगळी सुनावणी मास्तरांपुढेच, दोन्ही बाजू हजर असताना.

परतीच्या वाटेवर इंदूबाई माझ्याबरोबर चालत आली. घराजवळ आल्यावर विचारलं, तुया रहाटाची माळ ढिली झाली का वं, आवाज येते. मी म्हटलं, झाली आहे. तर म्हणाली, दोघांपुढं न्यायची तर पक्की कर.

दिवाळीनंतर तारीख आहे. उमरेडच्या वेडीला आशीर्वाद.

तुझी वहिनी

*

॥ श्री ॥
नागपूर
१३ जानेवारी १९७९

चि. सौ. कुसुम हीस आणि बिनमिशांच्या ईश्वरदासांना तिळगुळासह आशीर्वाद. वि. वि.

काल निवाडा आला. पण तुला आधी सुनावणी ऐकावी लागेल.

शाळेच्या हॉलमध्ये भरली होती. मी रिक्षात रहाट मांडीवर घेऊन गेले. रिक्षावाला म्हणाला, काहून जी, माहेरी चालल्या का? तिथं एका बाजूला आम्ही नऊ जणी आणि भैय्याजी, दुसऱ्या बाजूला म्यानेजरसाहेब आणि त्यांचे वकील. मध्ये मास्तर. टेबलावर पाण्याचे तीन पेले, चहा नाही. मास्तरांनी आल्यापासून माझ्याकडे पाहिलं नाही. बरोबरच होतं ते.

कारखान्यानं गोदामातून त्याच सुताचं सीलबंद गाठोडं आणलं. मास्तर म्हणाले, या वेळी मी हात लावणार नाही. ज्यांचं म्हणणं सूत चांगलं आहे, त्यांनी फिरवावा. म्यानेजर कोट काढून खाली बसले. पहिल्यांदा तुटलं तेव्हा म्हणाले, रहाट जुना आहे. मास्तरांनी ते लिहून घेतलं. मग त्यांना तुझ्या दादांची लड दिली. कांडी भरत आली, तरी तुटलं नाही. पुन्हा गाठोड्यातली. तुटलं, जोडलं, तुटलं. त्यांना जोडताही येईना, इंदूबाईनं जोडून दिलं. सगळ्या हॉलमध्ये फक्त रहाटाचा आवाज.

मग म्यानेजर हात थांबवून, कुणी न विचारता म्हणाले, की हा माल पावसात भिजून आला होता, मी शेठला दोनदा लिहिलं होतं, फाइल पाहा. वकिलांनी त्यांची बाही ओढली. मास्तरांनी वकिलांना सांगितलं, ओढू नका, त्यांना बोलू द्या. फाइल आली, पत्रं निघाली. कुसुम, पहिल्या वेळी त्या माणसाला कुणी विचारलंच नव्हतं. आपणही नाही.

म्यानेजरनी आणखी एक दाखवलं. इंदूबाईच्या दोन कांड्या ढिल्या भरलेल्या, माग अडवणाऱ्या. ते खरं निघालं. तिला ताकीद मिळाली आणि ती मान खाली घालून हो म्हणाली. सगळ्यांना, तिलाही, परत घ्यायचं. या वेळी शेठ कोर्टात जाणार नाहीत म्हणे, कारण सांगायला काही उरलेलं नाही. सहावं पान मी उघडून पाहिलं. लिहिलं आहे, उभय पक्षांसमोर सूत रहाटावर घालण्यात आले.

पाटीबद्दल आता लिहिते. मी वर्षभर मनात तुझ्या दादांवर रुसले होते, की सांगितलं का नाही. आता वाटतं, सांगितलं असतं तर मी लाजून वाचलंच नसतं. ते गेले ते दुःख आहे तिथंच आहे, रोज घागरीबरोबर उचलते, ठेवते. पण त्याच्या शेजारी ती पाटीही ठेवली आहे.

संक्रांतीनंतर ये. बरणी नवीन आहे, जपून हात लाव. इकडचा जीव तिकडे आहे, हे तुला दरवेळी लिहायला नको.

तुझी वहिनी
तुळजा

ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं, म्हणून हे वाढवते. सोमवारी सकाळी मी पाणी भरलं, डबा भरला आणि कारखान्याच्या पाळीला परत जाण्याआधी मास्तरांच्या घरी जाऊन एक कप चहा प्यायले.